चोर्ल्याच्या घाटातून अंगणापर्यंत

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे दूरदूरची शहरे, समुद्र आणि आगगाड्या उभ्या राहतात. आमचा हा प्रवास तसा नव्हे. खानापूर तालुक्यातील आमच्या खेड्यातून जुन्या गोव्यास जावयाचे आणि संध्याकाळी परत यावयाचे, एवढीच त्याची मजल. परंतु या प्रवासाचा शेवट घरी पोचल्यावर झाला नाही. तो पंधरवड्याने, आमच्याच अंगणात, एका पसरट टबापुढे उकिडवे बसून झाला. तेथे जे शिकलो ते घरी मोटार असणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

वाचकांस आठवतच असेल की, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दहा वर्षांनी येणारे जाहीर दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलमध्ये झाले. आमच्या मातोश्रींचे वय झालेले. पुढच्या वेळी आपण असू किंवा नसू, हे त्या सहज बोलून गेल्या, आणि आम्ही डिसेंबरातला एक दिवस ठरवून टाकला. मोटारीत चौघे होतो: मातोश्री, घरची मंडळी, कॉलेजात शिकणारा भाचा आणि आम्ही. मोटार पेट्रोलची, जुनी. पण आजवर तिने कधी दगा दिला नव्हता. ज्याने कधी दगा दिला नाही त्याच्याकडे आपण पाहातही नाही, हा मनुष्यस्वभावच आहे.

पहाटेच्या धुक्यात निघालो. जांबोटी मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंस रान दाटत जाते आणि हवेत ओल्या पाचोळ्याचा वास येऊ लागतो. पुढे कणकुंबी. पावसाळ्यात येथे आकाश फाटल्यासारखा पाऊस कोसळतो. डिसेंबरात मात्र सारे शांत असते. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा नदीचा उगम आहे. हे गाव म्हणजे पाण्याची वाटणी होण्याची जागा. मलप्रभा येथून पूर्वेस निघते, आमच्या खानापुरावरून वाहते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि पुढे कूडलसंगमापाशी कृष्णेस मिळते. घाटाच्या पलीकडच्या उतारावर पडलेले पाणी मात्र गोव्यात उतरते. वाळवंटी नदी तेच पाणी केरी-साखळीवरून मांडवीच्या दिशेने नेते. एकाच ढगातले दोन थेंब, एक बंगालच्या उपसागरास जाणार आणि दुसरा अरबी समुद्रास! मातोश्रींनी ते ऐकून गाडी क्षणभर थांबवावयास सांगितली व खिडकीतून त्या गावाकडे कौतुकाने पाहिले. पाण्याचा हा विषय संध्याकाळपर्यंत आमचा पिच्छा सोडणार नाही, हे तेव्हा कोणास ठाऊक होते?

चोर्ल्याहून खाली उतरताना वळणावळणांवर दरी उघडते आणि दूर खाली अंजुणे धरणाचा निळा जलाशय दिसतो. उतारावर इंजिनास काम थोडे, म्हणून सकाळी सारे सुरळीत झाले. साखळी, आमोणे, माशेल, बाणस्तारी असे करीत आम्ही जुन्या गोव्यास पोचलो. रांग मोठी होती, ऊनही कडक होते. पण स्वयंसेवकांनी मातोश्रींस खुर्ची दिली आणि माणसे आपापसांत कोंकणी, मराठी, कानडी, तमिळ अशा अनेक भाषांत बोलत सरकत राहिली. दर्शनाचे वर्णन येथे करीत नाही. ज्यांनी घेतले त्यांस ते सांगावयास नको. मातोश्री बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जे समाधान होते, त्यापुढे आमचे सारे श्रम उणे होते.

परतीस निघालो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. केरी सोडली आणि चढण सुरू झाली. समुद्रसपाटीच्या जवळपासून सुमारे आठशे मीटर उंचीपर्यंत हा रस्ता चढतो. चार माणसे, मागे सामान, आत थंड हवेचे यंत्र चालू, पुढे सावकाश जाणारी वाहने. इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हू लागले. उष्णता दाखवणारा काटा नेहमी मध्यावर असतो, तो वर सरकल्याचे भाच्याने दोनदा सांगितले. आम्ही म्हणालो, "चढ आहे रे, व्हायचंच." त्यानंतर चारच वळणे झाली असतील, बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ उसळली आणि गोडसर असा उग्र वास आला.

मोटार कडेच्या रुंद जागी घेऊन आम्ही इंजिन बंद केले. भाचा चपळ. त्याने बॉनेट उघडले, रस्त्यालगतच्या झऱ्याचे पाणी बाटलीत भरून आणले आणि हातरुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणास हात घातला. त्याच क्षणी मागून मोठ्याने हाक आली, "ए पोरा! हात काढ आधी! तोंड भाजून घ्यायचंय काय?"

बेळगावची भाजी गोव्यात उतरवून रिकामा टेम्पो परत नेणारा तो चालक होता. वय पन्नाशीच्या पुढचे. तो उतरून आला व भाच्यास त्याने हातास धरून मागे ओढले. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "साहेब, राग मानू नका. आत पाणी नाही, आत वाफ कोंडलेली आहे. तासभर कुणी हात लावायचा नाही. गार पाणी तर अजिबात ओतायचं नाही. तापलेल्या तव्यावर पाणी मारल्यासारखं होईल, इंजिनाला तडा जाईल. मावशी, तुम्ही तिकडे सावलीत बसा." मातोश्रींनी जपमाळ काढली. तो भला मनुष्य आमच्याबरोबर पाऊण तास थांबला, आपल्या डब्यातली भाकरी त्याने भाच्यास देऊ केली, आणि इंजिन हाताला निवल्यासारखे लागल्यावर जाड कापड घेऊन झाकण अर्ध्या वळणाने, बाजूला उभे राहून, हळूच सैल केले. तरीही फुस्स असा आवाज करून वाफ निघालीच. ती पहिल्याच वेळी भाच्याच्या चेहऱ्यावर उडाली असती तर! तो विचार आजही आमच्या अंगावर काटा आणतो.

रेडिएटर जवळजवळ रिकामा होता. इंजिन थोडे चालू ठेवून टेम्पोचालकाने आपल्या कॅनमधले पाणी थोडे थोडे करून ओतले. "हे घरी जाण्यापुरतं," तो म्हणाला, "याच्यावर गाडी चालवत राहू नका." आणखी एक युक्ती त्याने सांगितली: काटा पुन्हा वर सरकू लागला तर थंड हवा बंद करावयाची आणि आतल्या हीटरचा कळ उलट पूर्ण गरमवर करून पंखा सोडावयाचा. इंजिनातली काही उष्णता अशाने मोटारीच्या आत येते. माणसे घामाघूम होतात, पण इंजिनास दम मिळतो. पैसे त्याने घेतले नाहीत. चोर्ले, कणकुंबी, जांबोटी असे थांबत थांबत, खिडक्या उघड्या टाकून, रात्री नऊला आम्ही घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावाकडचे मिस्त्री येऊन पाहून गेले. त्यांनी रेडिएटरातले पाणी बशीत घेऊन आम्हांस दाखवले. ते पाणी नव्हे, गेरूचा काढा वाटावा असे तांबूस गढूळ होते. एका होजपाइपची क्लिप सैल होऊन तेथून थेंबथेंब गळत होते. "यात कूलंट कधी घातलं होतं?" त्यांनी विचारले. आम्ही निरुत्तर झालो. गेली दोन-तीन वर्षे पातळी कमी दिसली की आम्ही विहिरीचे पाणी ओतीत होतो. आमच्या विहिरीचे पाणी गोड. पाहुणे तोंडभर स्तुती करतात. माणसांस इतके चांगले ते यंत्रास वाईट कसे असेल, असा आमचा भोळा हिशेब. दोष मोटारीचा नव्हता, घाटाचा नव्हता. तो सर्वस्वी आमचा होता. सुदैवाने इंजिनाचे डोके वाकले नव्हते आणि त्याखालची गॅस्केटही शाबूत होती. क्लिप बदलून मिस्त्री म्हणाले, "आता सगळं काढून धुवून नवं भरा. तुमचं तुम्हांला जमेल. घाई मात्र करू नका."

येथे थोडे समजून घेणे अगत्याचे आहे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा जेमतेम तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तितकाच भाग धुराबरोबर जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत शिरतो. तो बाहेर काढला नाही तर धातू वाकेल. म्हणून इंजिनाच्या भिंतींत पोकळ वाटा ठेवून त्यांतून द्रव खेळवतात. पंप त्यास ढकलतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना वारा त्याची उष्णता घेतो. आणि गार झालेला द्रव पुन्हा इंजिनात शिरतो. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक द्वारपाल असतो. द्रव सुमारे ८० ते ९० अंश तापेपर्यंत तो रेडिएटरची वाट अडवून धरतो, म्हणजे इंजिन लवकर ऊब धरते. मग तो दार उघडतो.

मोटारीच्या जन्मापासून ही पाण्याची चिंता तिच्या मागे आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बेर्टा बेंझ ही बाई आपल्या पतीने, कार्ल बेंझने, बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. बरोबर ऑयगेन आणि रिचर्ड हे तिचे दोन मुलगे. शंभर किलोमीटरांहून अधिक अशी मोटारीची ती पहिली लांबची सफर. इंधन तिने वाटेत वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतले. त्या इंजिनात पाणी उकळून वाफ होऊन जाई, म्हणून थांबेल तेथे पाणी भरणे हाच त्या मायलेकरांचा उद्योग झाला. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, तेव्हा तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागले. पण तेच पाणी आत राहू लागले म्हणताच गंज आणि क्षार यांचा प्रश्न आला. बेर्टाबाईंस झऱ्याचे पाणी चालत होते. आम्हांस ते चालावयाचे नाही, याचे कारण हे असे.

कूलंट म्हणजे मुख्यत्वे पाणी आणि एथिलीन ग्लायकोल यांचे मिश्रण, आणि त्यात गंज रोखणारी द्रव्ये. थंड मुलखात ते गोठू नये म्हणून वापरतात. निम्मे-निम्मे मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत टिकते. आमच्याकडे गोठण्याचे भय नाही, उकळण्याचे आहे. साधे पाणी समुद्रकाठी १०० अंशांस उकळते; चोर्ल्याच्या उंचीवर उघड्या भांड्यात ते ९७ च्या आसपासच उकळू लागते. निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांस उकळते, आणि रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते त्यामुळे ही मर्यादा १२५ च्याही पुढे जाते. आमच्या प्रेशर कुकरचेच तत्त्व. आणि म्हणूनच गरम असताना झाकण काढले की दाब एकाएकी जातो, आणि आतल्या द्रवाची तत्क्षणी वाफ होऊन ती तोंडावर येते. कुकरचे झाकण शिटी निवल्यावाचून न काढणाऱ्या आमच्या गृहिणींस हे वेगळे शिकवावयास नकोच.

मग एका शनिवारी सकाळी आम्ही अंगणात कामास बसलो. मोटार रात्रभर उभी होती, म्हणजे इंजिन पूर्ण गार. जागा सपाट. हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांस दगड. हातांत रबरी मोजे. सामान थोडेच: पाना, पक्कड, नरसाळे, पसरट प्लॅस्टिकचा टब, झाकणाचे दोन रिकामे कॅन, बॅटरीसाठी मिळते तसले डिस्टिल्ड वॉटर दहा-बारा लिटर, आणि मोटारीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट. हा प्रकार पुस्तिकेवरूनच घ्यावा, रंगावरून नव्हे. हिरवे, तांबडे, निळे, गुलाबी असे रंग कंपन्या आपल्या मर्जीने देतात. रंग म्हणजे गुणाची हमी नव्हे. न जुळणारे दोन प्रकार एकत्र केल्यास गंजरोधक द्रव्यांचा परिणाम जातो, आणि कधी कधी आत चिकट गाळ धरून बारीक नळ्या बुजतात.

प्रथम आतल्या हीटरचा कळ पूर्ण गरमवर केला, म्हणजे ज्या मोटारींत हीटरच्या वाटेवर झडप असते तेथे ती वाट मोकळी होते. रेडिएटरचे झाकण काढले. खाली टब सरकवून रेडिएटरच्या तळाची बोंडी सैल केली. काही मोटारींत ही बोंडी नसते. तेथे खालच्या होजपाइपची क्लिप सैल करावी लागते. तांबूस पाण्याची धार लागली. भाच्याने ती मोजली: अडीच लिटर. पुस्तिकेप्रमाणे एकूण मावते चार लिटर. उरलेले दीड लिटर गेले कोठे? काही घाटात वाफ झाले होते. काही इंजिनाच्या पोटात अडून राहिले होते, ते एका दमात निघत नाही. म्हणूनच धुणे लागते.

बोंडी घट्ट केली, डिस्टिल्ड वॉटर भरले, झाकण लावले आणि इंजिन चालू करून ठेवले. वरचा होजपाइप कढत लागला की समजावे थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी सगळीकडे फिरले. या वेळी पंख्यापासून हात व बाह्या दूर ठेवाव्यात. विजेवर चालणारा पंखा आपल्या मनाने केव्हाही सुरू होतो, कित्येकदा इंजिन बंद केल्यावरसुद्धा. मग इंजिन बंद करून पुन्हा गार होऊ दिले. येथेच माणसाच्या धीराची परीक्षा होते. भाचा दर दहा मिनिटांनी हात लावून पाही. आम्ही त्यास घाटाची आठवण दिली, तेव्हा तो निमूट बसला. दोन तासांनी पाणी काढले, तेही तांबूस. तिसऱ्या वेळी मात्र ते जवळजवळ स्वच्छ उतरले. दरम्यान जेवणे झाली, वामकुक्षी झाली. जाणारे-येणारे थांबून चौकशी करून गेले.

आता भरण्याची वेळ. येथे एक हिशेब चुकतो, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. धुतल्यावर इंजिनाच्या पोटात थोडे साधे पाणी राहतेच. त्यावर आधीच निम्मे पाणी घालून मिळणारे तयार कूलंट ओतले तर मिश्रण पातळ होते. म्हणून आम्ही घट्ट कूलंट आणले होते. एकूण चार लिटरांच्या निम्मे, म्हणजे दोन लिटर, ते प्रथम ओतले आणि मग भरेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर. नुसते घट्ट कूलंट भरले तर अधिक चांगले, असे कोणास वाटेल. पण ती समजूत खोटी. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकोलपेक्षा सरस आहे. दोघांनी मिळूनच काम होते.

ओतणे सावकाश केले, कारण आत हवा अडकली तर ती जागा कोरडी राहून तापते. झाकण उघडे ठेवून, गार इंजिन चालू केले आणि चेहरा दूर ठेवून पाहात राहिलो. बुडबुडे येत गेले, पातळी उतरत गेली, तसतसे नरसाळ्याने भर घातली. वरचा होजपाइप तापला, बुडबुडे थांबले, आतल्या हीटरमधून गरम वारा येऊ लागला, तेव्हा झाकण लावले. बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीत खालच्या आणि वरच्या खुणेच्या मधोमध कूलंट ठेवले. गावाबाहेर चार किलोमीटर फेरी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सेस निघण्यापूर्वी गार इंजिनावर पाहिले तो पातळी बोटभर उतरलेली. तेवढी भर घातली. पुढच्या सकाळी ती जेथल्या तेथे होती. तारीख आणि किलोमीटर घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले. जुन्या पद्धतीचे कूलंट साधारण दोन वर्षे टिकते आणि नवे प्रकार पाच वर्षांपर्यंत. पण अखेरचा शब्द पुस्तिकेचा. नव्या काही मोटारींत हवा काढण्याची रीत निराळी असते, आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींत व हायब्रिडमध्ये वेगळेच सर्किट असते; तेथे घरी हात न घालता जाणत्या मिस्त्रींकडे जावे.

या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र आम्ही अखेरीस सांगत आहोत, कारण ती आम्हांसही अखेरीसच कळली. पहिल्या धारेचे तांबूस पाणी टबात तसेच ठेवून आम्ही जेवावयास बसलो होतो. घरच्या मंडळींचे लक्ष सहज अंगणाकडे गेले. आमचा कुत्रा टबाकडे चालला होता, शेपटी हलवीत, नाक पुढे करून. त्या भरल्या हाताने धावल्या व त्यास त्यांनी हुसकावून लावले. एक क्षण उशीर झाला असता तर? एथिलीन ग्लायकोल चवीस गोड असते. जनावरे ते आवडीने चाटतात, आणि लहान मुलांचेही तेच. शरीरात गेल्यावर त्यापासून जी द्रव्ये होतात ती मूत्रपिंडांत खड्यांसारखी बसून त्यांचा नाश करतात. मोठ्या मनुष्याच्या प्राणासही शंभर-एक मिलिलिटर पुरतात असे वैद्यकशास्त्र सांगते. कुत्र्यामांजरांस काही घोट पुष्कळ झाले. यावर रुग्णालयात उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला पाहिजे. कोणी चुकून प्यालेच तर लक्षणांची वाट न पाहता, डबा बरोबर घेऊन, तत्काळ दवाखाना गाठावा.

जेवण अर्धे टाकून आम्ही ते पाणी नरसाळ्याने कॅनमध्ये भरले. भाचा म्हणाला, "मामा, गटारात ओतून टाकू का? इतकंसं तर आहे." खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात तेच होते. मातोश्री ओसरीवर बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "आपलं गटार कुठं जातं रे बाळा?"

आमचे गटार ओढ्यास जाते. ओढा मलप्रभेस. ज्या नदीचा उगम पाहावयास मातोश्रींनी त्या दिवशी गाडी थांबवली होती, तीच ती मलप्रभा. आणि नविलुतीर्थाच्या धरणातून हुबळी-धारवाडची माणसे तिचेच पाणी पितात. आमच्या चार-दोन लिटरांनी एवढी मोठी नदी विषारी होईल असे आम्ही म्हणत नाही. ग्लायकोल माती-पाण्यात काही आठवड्यांत विघटूनही जाते. परंतु गटाराच्या डबक्यात ते दोन दिवस जरी साचले तरी शेजाऱ्यांचे वासरू तेथे तोंड लावू शकते. आणि विहीर? तीही गटारापासून फार दूर नाही. जुन्या कूलंटात इंजिनातल्या धातूंचा अंशही उतरलेला असतो. म्हणून दोन्ही कॅनवर 'विष – पिऊ नये' असे ठळक लिहून, झाकणे घट्ट करून, ते उंच फळीवर ठेवले. धुण्याचे पहिले तांबूस पाणीही त्यांतच. पुढच्या आठवड्यात बेळगावास गेलो तेव्हा जुने तेल व कूलंट गोळा करून योग्य विल्हेवाटीस पाठवणाऱ्या एका गॅरेजात ते देऊन आलो. अंगणात सांडलेल्या थेंबांवर माती टाकून ती खरडून काढली, आणि टब त्यानंतर कोणत्याही घरकामास वापरला नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने पुन्हा गोव्यास जाणे झाले. परतताना तीच केरी, तीच चढण, तेच दुपारचे तीन. अंजुण्याचे पाणी उन्हाने आटून काठाची लाल माती उघडी पडली होती. आमचे डोळे काट्यावर खिळले होते. तो मध्यावरून तसूभर हलला नाही. ज्या रुंद जागी आम्ही थांबलो होतो तेथे भाच्याने मोटार उभी करावयास सांगितली. झरा आटला होता. बेळगावकडे जाणारे दोन-तीन रिकामे टेम्पो गेले. आम्ही प्रत्येकाकडे पाहिले, पण तो परिचित चेहरा दिसला नाही. त्या भल्या मनुष्याचे नावसुद्धा विचारण्याचे आम्हांस त्या गडबडीत सुचले नव्हते. मातोश्री त्याच्यासाठी प्रार्थना करतात तेव्हा 'तो टेम्पोवाला' असेच म्हणतात. ज्याच्याकडे ती पोचावयाची त्यास तेवढे पुरे असेल.

आता आमची मोटार अंगणात उभी असते. तिच्याकडे पाहाण्याची आमची दृष्टी बदलली आहे. दर रविवारी मिस्सेस निघण्यापूर्वी, इंजिन गार असतानाच, भाचा टाकीची पातळी पाहातो. विहिरीचे पाणी आता आम्ही पितो, पाहुण्यांस देतो आणि जनावरांस पाजतो. मोटारीस मात्र घालीत नाही. आणि ज्याच्या अंगणात हे काम निघेल त्या शेजाऱ्यास आम्ही प्रथम पाना कोठला घ्यावा हे सांगत नाही. टबावर झाकण काय ठेवणार, ते विचारतो.